पंप मारल्यावर पेडल वर आलं, म्हणून हवा झाली का?

ब्रेकच्या बाबतीत इंदुरातल्या गॅरेजांत एकच निदान चालतं: "साहब, हवा है." म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत हवा शिरलीय, ती ऑइलसकट बाहेर काढावी लागेल. पेडल खाली गेलं, हवा. पेडल मऊ लागलं, हवा. गाडी डावीकडे ओढते, तरी आधी हवा काढून बघू. पुरावा मागितला की मिस्त्री सीटवर बसून दोनदा पेडल मारून दाखवतो, "देखो, पंप मारने से ऊपर आ रहा है ना?" येतं खरं. पण त्याने हवा सिद्ध होत नाही. या एका गैरसमजापायी लोकांचं किती ब्रेक ऑइल गटारात गेलं याची गणती नाही. त्यात एकदा माझंही गेलंय.

मी बोलतोय ते चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या गाड्यांबद्दल. माझी मार्क फोर अ‍ॅम्बेसेडर आहे. तुमची पद्मिनी असेल, हेराल्ड असेल, तरी तत्त्व तेच. हायड्रॉलिक ब्रेक माहीत असणाऱ्यांनी पुढचं वाक्य सोडून द्यावं: पेडल मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलतं, ऑइल नळ्यांतून चाकांतल्या व्हील सिलिंडरमध्ये जातं, ते सिलिंडर शूज (कमानीसारख्या पट्ट्या) बाहेर ढकलतात, आणि शूवर बसवलेला लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतो.

आता दोन पेडलं. एक खोल, एक मऊ. लोक दोघांनाही "ब्रेक दबतोय" म्हणतात, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

खोल पेडल म्हणजे पाय निम्म्याच्या खाली, कधी पार फ्लोअरजवळ जातो, पण जिथे थांबतो तिथे घट्ट थांबतो. तोवर वाटेत काहीच लागत नाही, फक्त स्प्रिंगचा हलका ताण. मऊ पेडलला असा मुक्कामच नसतो. पाय दाबत जा, ते थोडं थोडं देत जातं आणि सोडताना पायाला वर लोटतं. खोल पेडलचं कारण बहुतेक वेळा शूज आणि ड्रममधलं वाढलेलं अंतर. मऊ पेडलचं कारण म्हणजे नळ्यांत किंवा चाकात काहीतरी दबतंय, फुगतंय किंवा वाकतंय. हवा हा त्यातला एक प्रकार, एकमेव नव्हे.

लायनर जरासा झिजला तर एवढा काय फरक पडणार, असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब मांडतो. धरून चाला की मास्टरचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीचा व्यास, 19 मिमी आहे, व्हील सिलिंडरचे 22 मिमी, आणि पेडलची तरफ पाचास एक. आठ शूज, म्हणजे आठ पिस्टन. प्रत्येक पिस्टनला झिजेमुळे फक्त अर्धा मिमी जास्त सरकावं लागलं, तरी एकूण साधारण दीड घनसेंमी ऑइल जास्त लागतं. तेवढ्यासाठी मास्टरचा पिस्टन सुमारे साडेपाच मिमी जादा जातो, आणि पेडल 27 मिमी. अर्ध्या मिमीच्या झिजेला एक इंचाहून जास्त पेडल! नळ्यांत हवेचा एक बुडबुडा नसताना.

उलट एक घनसेंमीचा बुडबुडा घ्या. ऑइलवरचा दाब हवेच्या साध्या दाबापेक्षा एक बार (म्हणजे जवळपास तेवढाच) चढला की तो निम्मा होतो. दहा बारपर्यंत त्याचा अकरावा भाग उरतो. म्हणजे तोही पेडलची दीडेक सेंटीमीटर चाल खातो, पण खायची पद्धत वेगळी. आधी पटकन, मग हळूहळू, आणि पूर्ण कधीच संपत नाही. म्हणून पायाला स्प्रिंगसारखं लागतं. शूजच्या अंतरात दाब तयारच होत नाही. अंतर संपलं की लायनर टेकतो आणि पाय एकदम अडतो. पेडल किती खाली गेलं यावरून काही कळत नाही. शेवटी पायाला काय लागतं ते बघायचं.

मग पंप मारल्यावर दोन्ही वर का येतात? पेडल झटकन सोडलं की मास्टरचा पिस्टन मागे उडी मारतो, पण चाकातलं ऑइल तेवढ्या वेगाने परतत नाही. पुढची जागा भरायला मास्टरच्या डबीतलं, म्हणजे ऑइलच्या साठ्यातलं, ऑइल पिस्टनवरच्या रबराच्या कडेवरून पुढे शिरतं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर नळीत आधीपेक्षा जास्त ऑइल असतं. शूज मागे जायच्या आत पुन्हा ढकलले जातात, म्हणून खोल पेडल वर येतं. बुडबुडा असेल तर तोच जादा ऑइलचा हप्ता त्याला आधीच दाबून ठेवतो, म्हणून मऊ पेडलही वर येतं. दहा-पंधरा सेकंद थांबा, ऑइल छोट्या छेदातून डबीत परततं आणि दोन्ही पुन्हा खाली. आता सांगा, या प्रयोगातून मिस्त्रीला काय कळलं?

कळण्यासारखं एवढंच: दोनदा-तीनदा मारून पेडल वर आणा, तिथेच दाबून धरा, आणि मग आणखी जोर लावा. दगडावर पाय ठेवल्यासारखं लागलं तर शूज सेट करा. जोर लावल्यावर थोडं आणखी गेलं आणि पाय सैल करताच उसळून आलं, तर ते मऊ. हा फरक ऐकून कळत नाही, पायाला एकदा लागला की मग विसरत नाही.

याहून सोपी, सीटवरूनच होणारी दुसरी युक्ती मला फार आवडते आणि गॅरेजात कुणी करताना दिसत नाही. सपाट जागी, चाकांना विटा लावून, हँडब्रेक सोडलेला असताना पेडल दाबा आणि फ्लोअरपासून किती उंचीवर थांबतं ते पट्टीने मोजा. आता हँडब्रेक पूर्ण ओढा आणि परत दाबून मोजा. पेडल चांगलं दोन बोटं वर थांबलं तर दोष मागच्या शूजच्या अंतरात आहे, कारण हँडब्रेकने ते आधीच ड्रमजवळ नेऊन ठेवलेत. हवेला हँडब्रेकशी काही घेणंदेणं नसतं. फक्त जुन्या विलीज जीपसारख्या गाड्यांत हा प्रयोग करू नका. तिथे हँडब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर काम करतो.

माझी फसगत याच फरकापाशी झाली. पेडल खोल गेलं होतं, पण घट्ट थांबत होतं. मला तेव्हा हे काही कळत नव्हतं. गाडी गॅरेजला दिली, मिस्त्रीने हवा काढली. पोऱ्या आत बसून पेडल ताकदीने फ्लोअरपर्यंत हाणतोय, मिस्त्री खाली चाकामागचं, हवा बाहेर सोडायचं निपल उघडतोय, अर्धा लिटर ऑइल संपलं, बुडबुडा एकही नाही. पेडल होतं तिथेच. दोन दिवसांनी पलासियाच्या सिग्नलवर हलका पाय ठेवून उभा होतो, तर पेडल मुंगीच्या चालीने खाली जाऊ लागलं. जोरात दाबलं की थांबायचं, हलकं धरलं की परत बसायचं. डबीतलं ऑइल मात्र थेंबभरही कमी नाही, कुठे गळती नाही.

हा तिसराच आजार होता: बसणारं पेडल. म्हणजे मास्टरमधलं रबर आतल्या आत ऑइल मागे सोडतंय. जोर लावला की दाबानेच रबराची ओठासारखी कड बोअरला चिकटते, म्हणून हलक्या पायाला हा दोष जास्त दिसतो. मास्टर उघडला तेव्हा कारण समोर होतं. रोजच्या वापरात पिस्टन बोअरच्या ठरावीक भागातच फिरतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षं रबर पोचलंच नव्हतं, तिथे गंजाचे बारीक खड्डे पडले होते. पोऱ्याने पेडल फ्लोअरपर्यंत हाणलं तेव्हा ते रबर त्या खड्ड्यांवरून खरवडत गेलं. नखाने कड चाचपली तर चक्क दातेरी लागत होती. आणि मूळ दोष? मागच्या डाव्या चाकाचा, शूज ड्रमजवळ आणणारा अ‍ॅडजस्टर गंजून जाम झाला होता. गंज सोडवायचं तेल, जरा ठोकाठोक, अर्ध्या तासाचं काम. नसलेली हवा काढण्याच्या नादात चालता मास्टर गेला.

तेव्हापासून खरंच हवा काढायची असेल तरी मी पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय कुणाला पाय लावू देत नाही. भाचा आत बसतो, "मामा, दाबू?" विचारतो. मी म्हणतो दाब, तो दाबतो, मी निपल उघडतो, बंद करतो, मग सोड म्हणतो. सावकाश. मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्याकडे बहुधा मागचं डावं.

शूज सेट करण्यात काही मोठी विद्या नाही. चाक अडेपर्यंत अ‍ॅडजस्टर घट्ट करा, मोकळं फिरेपर्यंत सोडा, एकदा जोरात पेडल दाबून शूज मध्यावर बसवा आणि परत तपासा. हा शेवटचा भाग लोक गाळतात.

आता मऊ पेडलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जिथे चांगले चांगले मिस्त्री फसतात. ड्रम ओरखडले म्हणून लेथवर कातून आणले, नवे लायनर लावले, अंतर नीट सेट केलं, हवा काढली, तरी पेडल स्पंजासारखं. परत हवा काढली, तरी तेच. इथे हवा नाहीच. कातल्यामुळे ड्रमची गोलाई मोठी झाली आणि शूची गोलाई लहानच राहिली. लायनर फक्त मध्यावर टेकतो, जोर लावला की शू धनुष्यासारखा वाकतो, आणि ते वाकणं पायाला हवेसारखं लागतं. लायनरवर आडवा खडू फासा, ड्रम चढवा, ब्रेक हलका दाबून चाक फिरवा, काढून बघा. खडू मध्येच पुसला गेला आणि दोन्ही टोकांना शाबूत असेल तर शू ड्रमच्या गोलाईला घासून घ्या. काही शे किलोमीटर चालवून लायनर आपोआप बसतोही, पण तोवर ते पेडल सहन करावं लागतं. ड्रम कातून "बिल्कुल नया" करून देणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठीच. ओरखडे खोल नसतील तर ड्रमला हात लावू नका.

जुने रबरी होज, म्हणजे चाकाजवळच्या लवचिक नळ्याही फुगून असाच भास देतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने होज मुठीत धरायचा. हाताला फुगवटा कळतो. होज चिमट्याने दाबून कोणतं चाक ते शोधायची पद्धत आहे, पण वीस वर्षांच्या तडकलेल्या होजवर ती करू नये. तसा होज सरळ बदलावा.

बाकीचं थोडक्यात. कडक पेडल आणि गाडी थांबत नाही: पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असेल तर त्याची व्हॅक्यूमची नळी, नसेल तर जाम व्हील सिलिंडर किंवा तेलकट लायनर. गाडी एका बाजूला ओढते: एका चाकात गळती किंवा जाम पिस्टन. सोडल्यावर ब्रेक धरून राहतो: मास्टर आणि त्याला ढकलणाऱ्या पेडलच्या दांड्यामध्ये (पुशरॉड) एक-दोन मिमीची ढील ठेवलेली नाही, त्यामुळे परतीचा छोटा छेद झाकला गेलाय. इंदुरहून ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट उतरलात आणि खाली पेडल घट्ट असूनही गाडी थांबेना, तर लायनर तापलाय. पेडलच मऊ होऊन खाली गेलं आणि थंड झाल्यावर सुधारलं, तर ऑइल उकळून त्यात वाफ झाली.

हे ऑइल म्हणणंही मला खटकतं, पण जीभ वळत नाही. ते खनिज तेल नव्हे. कुणी त्यात भलतं तेल ओतलं तर रबरं फुगतात आणि सगळे सिलिंडर उघडावे लागतात. डॉट 3 (बाटलीवर लिहिलेला ऑइलचा दर्जा) नवं असताना 205 अंशांच्या आत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते दोन वर्षांनी बदलावं, पावसाळा संपल्यावर. सिलिकॉनचं डॉट 5 त्यात मिसळू नये, मग विकणारा काहीही सांगो. आणि अर्धी वापरलेली, झाकण सैल झालेली बाटली गॅरेजातल्या फळीवरून काढून कुणी तुमच्या गाडीत ओतायला लागला, तर हात धरा. सीलबंद बाटली स्वतः घेऊन जा. ठोकळाही सोबत न्या, त्यांच्याकडे नसतो.