हिरड्यांचा आजार दाताच्या दवाखान्याबाहेर कसा आला

हिरड्यांचा जुनाट आजार घेऊन दंतवैद्याकडे गेलेल्या माणसाला आता साखर किती आहे, हेही विचारले जाते. २०१७ साली शिकागोच्या परिषदेत ठरलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ७ टक्के किंवा जास्त असेल, किंवा माणूस दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी ओढत असेल, तर त्याचा पेरिओडोंटायटिस, म्हणजे दाताचा आधार झिजवणारा हिरड्यांचा आजार, थेट ‘क’ श्रेणीत धरला जातो. म्हणजे झपाट्याने वाढू शकणारा. दातांभोवतीच्या आजाराची प्रत रक्ततपासणीवरून ठरवायची, हे पन्नास वर्षांपूर्वी कोणी फारसे मनावर घेतले नसते. त्याच्याही पन्नास वर्षे आधी मात्र डॉक्टर सांधे दुखतात म्हणून तोंडातले सगळे दात काढायला सांगत होते. या दोन टोकांमधला प्रवास सरळ नाही.

हिरडी बिघडली तर दात हलतात, हे निरीक्षण फार जुने. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग मोजले आहेत. त्यांतल्या ‘दन्तवेष्टा’चे वर्णन पू आणि रक्त येते, दात हलू लागतात असे आहे. आपण ज्याला पायोरिया म्हणतो ते बहुधा हेच. कारण दिले आहे दूषित रक्ताचे. म्हणजे बिघाड शरीरात, त्याची खूण हिरडीत. स्कर्व्हीच्या खलाशांकडे पाहणाऱ्या युरोपीय वैद्यांनाही हिरडी अशीच दिसली. १७४७ मध्ये जेम्स लिंडने १२ आजारी खलाशांवर केलेल्या प्रयोगात संत्री-लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. हिरडीचा रोग अन्नातल्या उणिवेतून आला होता, तोंडातून नव्हे.

ही दिशा उलटी फिरली ती जंतुशास्त्र आल्यावर. लेव्हेनहुकने १६८३ मध्येच दातांवरच्या किटणात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते, पण त्यांचा रोगाशी संबंध जोडायला दोन शतके लागली. बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर याने १८९१ मध्ये मांडले की तोंड हे संसर्गाचे केंद्र असते आणि तिथले जंतू किंवा त्यांची विषे दूरच्या अवयवांत पोहोचू शकतात. १९०० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने ‘मौखिक सेप्सिस’वर, म्हणजे तोंडातल्या सडक्या संसर्गावर लिहिले आणि १९१० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या भाषणात तो आणखी कडक बोलला. त्याचा मुख्य रोख सडक्या मुळांवर ठोकून बसवलेल्या सोन्याच्या टोप्या आणि ब्रिजवर होता. सेप्सिसवर बांधलेली सोन्याची थडगी, असे त्याने त्यांना म्हटले. तक्रार वाईट दंतकामाविरुद्ध होती, आणि ती रास्त होती. पण ऐकणाऱ्यांनी अर्थ घेतला तो ‘दात काढा’ असा.

शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज या डॉक्टरने एका जागच्या संसर्गातून दूरचे आजार होतात या कल्पनेला ‘फोकल इन्फेक्शन’ या नावाने पूर्ण सिद्धान्ताचे रूप दिले. त्याचा सहकारी एडवर्ड रोझेनाऊ सांगत होता की एका रुग्णाच्या दातातून काढलेले जंतू प्राण्याला टोचले तर ते नेमके त्या रुग्णाच्या दुखऱ्या अवयवातच जाऊन बसतात. संधिवात, मूत्रपिंडाचे आजार, अगदी मानसिक आजारही या यादीत आले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटनने रुग्णांचे दात सरसकट काढले, मग टॉन्सिल, मग मोठ्या आतड्याचे भाग. त्या शस्त्रक्रियांत अनेक जण दगावले.

चूक कुठे झाली, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. संधिवात आपोआप कमी-जास्त होणारा आजार आहे, त्यामुळे दात काढल्यावर बरे वाटले की श्रेय दात काढण्याला जाई. दाताच्या मुळापासून घेतलेल्या नमुन्यात लाळेतले जंतू मिसळत. प्राण्यांना टोचलेली जंतूंची मात्रा इतकी मोठी असे की ते कुठेही रुजले असते. संधिवाताचा डॉक्टर रसेल सेसिल हा एकेकाळी दात काढण्याच्या मताचाच होता. त्याने आणि अँजेव्हाइनने १९३८ मध्ये संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला आणि दात-टॉन्सिल काढून उपयोग होत नाही असे लिहिले. पुढच्या दशकभरात सिद्धान्त मोडीत निघाला. वाईट एवढेच झाले की त्याबरोबर मूळ प्रश्नही मोडीत निघाला, आणि पुढे अनेक वर्षे दात दंतवैद्याचे, बाकी शरीर डॉक्टरचे, अशी वाटणी पक्की राहिली.

या मधल्या काळात दंतशास्त्राने स्वतःचा पाया मात्र घट्ट केला. डेन्मार्कमध्ये १९६५ साली हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला लावले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या. हिरड्यांचा दाह किटणामुळे होतो, हे इतक्या साध्या रीतीने क्वचितच कोणी दाखवले असेल.

दाह आत उतरला की गोष्ट बदलते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ४ मिलिमीटर किंवा जास्त खोली आणि खोली मोजायची बारीक सळई फिरवताच रक्त, म्हणजे तिथे रोगट कप्पा तयार झालेला असू शकतो. त्याच्या तळाशी ब्रशचे केस पोहोचत नाहीत, किटण कडक होऊन टार्टर बनते, आणि कप्प्याचे आतले अस्तर ठिकठिकाणी सोललेले राहते. ही जखम तळहाताएवढी असते असे एक वाक्य सर्रास ऐकू येते. ते फुगवलेले आहे. पेरिओडोंटायटिस झालेल्या तोंडात हिरडीच्या आतल्या अस्तराचे क्षेत्रफळ साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर मोजले गेले आहे. तेही कमी नाही. चावताना, घासताना तिथून जंतू थोडा वेळ रक्तात जातात. शिवाय दाहात तयार होणारी इंटरल्यूकिन-६ सारखी रसायने यकृताला सीआरपी हे दाहाची खूण असलेले प्रथिन बनवायला लावतात आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. जुन्या सिद्धान्तात एक जंतू एका अवयवात जाऊन बसत होता. आताच्या समजुतीत मंद दाहाचा भार सगळ्या शरीरावर पडतो.

प्रश्न पुन्हा उघडला तो हेलसिंकीत. १९८९ मध्ये मॅटिला यांच्या गटाने हृदयविकाराचा झटका आलेल्या १०० रुग्णांची १०२ इतर लोकांशी तुलना केली, तेव्हा रुग्णांची दंतस्थिती स्पष्टपणे वाईट निघाली. त्यानंतर अभ्यासांची रीघ लागली. या सगळ्यांत एक मोठी खोच आहे, तंबाखूची. धूम्रपान हिरडीही बिघडवते आणि रक्तवाहिन्याही, शिवाय ते हिरडीतून येणारे रक्त कमी करते, म्हणून धूम्रपान करणाऱ्याला आपली हिरडी ठीक वाटते. २००७ मध्ये १२० जणांच्या चाचणीत हिरड्यांचे सखोल उपचार केल्यावर पहिल्या दिवशी रक्तवाहिन्यांचे काम उलट बिघडले, पण सहा महिन्यांनी सुधारलेले दिसले. तरीही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सांगितले की संबंध खरा आहे, पण हिरड्यांचा आजार हे हृदयविकाराचे कारण आहे असे सिद्ध झालेले नाही. ही भूमिका योग्यच होती. हिरड्या साफ केल्याने झटका टळतो, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गरोदरपणाबाबतही तसेच. १९९६ मध्ये हिरड्यांचा आजार आणि कमी वजनाची, मुदतपूर्व बाळे यांचा संबंध मांडला गेला. २००६ मध्ये ८२३ स्त्रियांवरच्या चाचणीत गरोदरपणी केलेल्या उपचाराने हिरड्या सुधारल्या, पण मुदतपूर्व प्रसूती घटल्या नाहीत. उपचार सुरक्षित असल्याचे मात्र दिसले.

हृदयाच्या झडपांचा संसर्ग हा वेगळा विषय. तिथे जंतूच थेट प्रवास करतात. दात काढल्यावर रक्तात स्ट्रेप्टोकोकाय सापडतात हे १९३५ मध्ये दिसले आणि १९५५ पासून अमेरिकेत धोका असलेल्या रुग्णांना दंतकामाआधी प्रतिजैविक देण्याची शिफारस सुरू झाली. २००७ मध्ये ती कृत्रिम झडप, पूर्वी असा संसर्ग झालेले रुग्ण आणि काही जन्मजात दोष अशा सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांपुरती आणली गेली. नेहमीची मात्रा प्रौढांना अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, कामाच्या ३० ते ६० मिनिटे आधी, एकदाच.

सर्वांत भक्कम बाजू मधुमेहाची, आणि तिथे वाट दुहेरी आहे. वाढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशींचे काम बिघडते, ऊती भरून येत नाहीत, हिरडीचे हाड लवकर झिजते. ॲरिझोनातल्या पिमा या मूळनिवासी जमातीच्या अभ्यासांतून हे ठळक झाले आणि १९९३ मध्ये त्याच हॅराल्ड लोने हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. उलट दिशेचा पुरावा उशिरा आला. २०१३ च्या ५१४ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत उपचाराने एचबीए१सी हलले नाही. टीकाकारांनी दाखवले की उपचारानंतरही त्यांच्या हिरड्यांत बराच दाह शिल्लक होता. २०१८ मध्ये लंडनमध्ये २६४ जणांवर जास्त कसून उपचार झाले, तेव्हा वर्षाअखेर दोन गटांत ०.६ टक्क्यांचा फरक पडला. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात सरासरी घट ३-४ महिन्यांनी ०.४३, सहा महिन्यांनी ०.३० आणि वर्षाने ०.५० टक्के आली. साखरेची गोळी बंद करावी इतका हा फरक नाही, पण डॉक्टरांनी दुर्लक्ष करावे इतका लहानही नाही.

हा फरक पाहायचा तर घाई चालत नाही. स्केलिंग (टार्टर खरवडणे) आणि मुळांची सफाई झाल्यावर कप्पे पुन्हा मोजायला किमान सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, कारण तोवर हिरडी दाताला घट्ट बसत असते. एचबीए१सी तर तीन महिन्यांच्या आत तपासण्यात अर्थ नाही. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि त्याआधी काढलेल्या रक्तात निम्म्याहून अधिक हिशेब उपचारापूर्वीच्या साखरेचाच असू शकतो.