ओळींची अदलाबदल, युनिक्समधील

युनिक्स ह्या संगणकप्रणालीत (ऑपरेटिंग सिस्टिम) मजकूर-फाइलमधल्या दोन ओळींच्या जागा टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून, आज्ञा देऊन परस्परांत बदलण्याची क्रिया. ऐकायला काम किरकोळ आहे. पण युनिक्समध्ये ओळी क्रमाने लावायला सॉर्ट आहे, सगळी फाइल उलटी करायला ग्नू ह्या मुक्त प्रकल्पाच्या साधनसंचात टॅक आहे आणि ‘ह्या दोन ओळी बदल’ म्हणणारी आज्ञा मात्र कुठेच नाही. ती प्रत्येकाला हाताशी असलेल्या साधनांतून जुळवावी लागते. (पुढे आज्ञांची अक्षरे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना रोमन अक्षरे आणि अंक वापरावेत. ‘मोठा’ असे म्हटले नसेल तेथे छोटे अक्षर समजावे.)

आज्ञा नसण्याचे कारण फाइलच्या रचनेत आहे. युनिक्सच्या कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, ओळ ठाऊकच नसते. त्याच्या लेखी फाइल म्हणजे बाइटांची सलग रांग. ओळ मानायची ती साधनांनी, आणि तीही नवओळीचे चिन्ह, म्हणजे १० ह्या मूल्याचा बाइट, जिथे भेटेल तिथे संपली असे समजून. त्याआधीच्या पंचकार्डांच्या काळात एक ओळ म्हणजे ८० स्तंभांचे एक कार्ड असे. दोन ओळी बदलायच्या तर गठ्ठ्यातली दोन कार्डे हाताने बदलत. फोरट्रान ह्या प्रोग्रामिंग भाषेच्या कार्डांवर ७३ ते ८० हे स्तंभ अनुक्रमांकासाठी मोकळे ठेवलेले असत ते गठ्ठा हातातून सुटला तर पुन्हा लावता यावा म्हणूनच. युनिक्सने सारख्या लांबीच्या नोंदींचे बंधन काढून टाकले आणि फार मोठी सोय केली, पण त्याबरोबर जागच्या जागी अदलाबदलही गेली. लहान ओळीच्या जागी मोठी ओळ मावत नाही, त्यामुळे मधला मजकूर सरकवावा लागतो. म्हणून प्रत्येक साधन फाइल वाचते आणि नव्याने लिहून काढते. साधनांमधला खरा फरक एवढाच, की वाचताना कोण किती ओळी लक्षात ठेवतो.

सगळी फाइल लक्षात ठेवणारा सर्वांत जुना गडी म्हणजे एड. बेल लॅब्ज ह्या अमेरिकी संशोधनसंस्थेत १९६९ साली युनिक्स आकार घेत असताना केन टॉम्प्सन यांनी हा ओळ-संपादक लिहिला. त्यातली एम ही आज्ञा ओळ उचलून सांगितलेल्या ओळीच्या खाली नेऊन ठेवते. तिसरी आणि चौथी ओळ बदलायची तर ‘३एम४’ एवढेच पुरे. ओळी शेजारच्या नसतील तर जरा जपून. तिसरी आणि सहावी बदलण्यासाठी आधी ‘६एम२’ द्यावे. सहावी ओळ दुसरीच्या खाली येऊन बसते. आता जुनी तिसरी ओळ चौथ्या क्रमांकावर सरकलेली असते, म्हणून पुढची आज्ञा ‘३एम६’ नव्हे तर ‘४एम६’. नवखा माणूस हमखास इथेच फसतो. शेवटी डब्ल्यू देऊन फाइल लिहायची आणि क्यू देऊन बाहेर पडायचे. ह्याच आज्ञा प्रिंटएफ ह्या छापणाऱ्या आज्ञेने पाइपमधून (एका आज्ञेचा निकाल दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) पाठवल्या की एड स्क्रिप्टमध्येही, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या यादीतही, निमूट काम करतो. ह्या कामाला इतके सरळ साधन दुसरे नाही, तरीही आज एड फारसा कोणाला आठवत नाही, हे नवलच. त्याचा वारसा चालला तो व्हीआयमध्ये. बिल जॉय यांच्या ह्या संपादकात डीडीपी ही तीन अक्षरे दाबली की चालू ओळ पुढच्या ओळीच्या खाली जाते.

सेडची गोष्ट वेगळी. ली मॅकमहन यांनी १९७३-७४ मध्ये बेल लॅब्जमध्येच लिहिलेला हा प्रवाह-संपादक एका वेळी एकच ओळ हातात घेतो, तिच्यावर आज्ञा चालवतो, ती छापतो आणि पुढे जातो. मागे वळत नाही. अदलाबदल शक्य होते ती त्याच्याकडे एक राखीव जागा आहे म्हणून. एच ही आज्ञा हातातली ओळ तिथे उतरवून घेते आणि मोठा जी तिथला मजकूर हातातल्या ओळीच्या खाली जोडतो. शेजारच्या ओळींसाठी सूत्र असे: तिसऱ्या ओळीवर एच आणि डी, चौथीवर मोठा जी. तिसरी ओळ राखीव जागेत जाते आणि डीमुळे छापली न जाता पुसली जाते. चौथी हातात आली की तिच्याखाली ती जोडली जाते आणि दोन्ही उलट क्रमाने बाहेर पडतात. गिट ह्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात शेवटच्या दोन कमिटांचा (नोंदवलेल्या बदलांचा) क्रम बदलताना हेच सूत्र पहिल्या-दुसऱ्या ओळीवर चालवून रिबेसची, म्हणजे ते बदल पुन्हा मांडण्याची, यादी संपादक न उघडता उलटवता येते. एका ओळीवरच्या अनेक आज्ञा महिरपी कंसात बांधतात; बीएसडी (युनिक्सची एक शाखा) आणि मॅकवरच्या सेडसाठी बंद होणाऱ्या महिरपी कंसाआधी अर्धविराम द्यावा. ग्नूचा सेड त्याविना चालवून घेतो.

सगळ्या फाइलभर जोडी-जोडीने ओळी बदलायच्या असतील तर आपोआप छापणे बंद करणाऱ्या उणे-एन पर्यायासह एच, एन, मोठा जी आणि छापणारा पी हा क्रम वापरतात. फाइलमध्ये ओळींची संख्या विषम असली की शेवटची एकटी ओळ गुपचूप गळते, कारण पुढची ओळ मागणाऱ्या एनला काहीच मिळत नाही आणि सेड तिथेच थांबतो. चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

दूरच्या ओळींसाठी सेड ओढूनताणून वापरावा लागतो. सहावी ओळ येईपर्यंत तिसरी, चौथी, पाचवी सगळ्याच राखीव जागेत साठवायच्या आणि मग नियमित पदावलीने (मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सूत्राने) त्यांचा क्रम लावायचा. जमते, पण आठवड्याने वाचले तर स्वतःलाच कळत नाही. अशा वेळी ऑक बरा. आल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन यांच्या १९७७ च्या ह्या भाषेत तीच फाइल दोनदा वाचायला देता येते: पहिल्या फेरीत फक्त सहावी ओळ टिपायची, दुसऱ्या फेरीत तिसरीच्या जागी ती छापून तिसरी ठेवून घ्यायची आणि सहावीच्या जागी सोडायची. फाइल कितीही मोठी असो, लक्षात ठेवायच्या ओळी दोनच. अट एवढीच, की मजकूर पाइपमधून येत असेल तर त्याची दुसरी फेरी होत नाही.

हेड (फाइलचा आरंभ छापणारी आज्ञा) आणि टेल (शेवट छापणारी) यांनी तुकडे कापून जोडण्याचा मार्गही आहे. त्यात शेवटच्या ओळीला नवओळीचे चिन्ह नसेल तर ती वर आल्यावर पुढच्या ओळीला चिकटते.

निकाल त्याच फाइलमध्ये परत वळवणे हा सर्वांत महागात पडणारा प्रकार. पुनर्निर्देशनाच्या (निकाल फाइलकडे वळवण्याच्या) चिन्हासाठी शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, ती फाइल आधीच उघडून रिकामी करतो. सेडला वाचायला काही उरतच नाही. तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलणे हा सुरक्षित रस्ता. सेडचा उणे-आय पर्याय आतून तेच करतो, आणि त्यामुळे फाइलचा आयनोड (प्रणालीतली तिची नोंद) बदलतो, हार्ड लिंक (त्याच फाइलचे दुसरे नाव) तुटते. एड मात्र मूळ फाइलमध्येच लिहितो.

मराठी मजकुराला ह्या साधनांचा धोका नाही, पण फाइल यूटीएफ-८ ह्या अक्षरसंकेत-पद्धतीत असेल तर. ह्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांत १० हे मूल्य कधीच येत नाही. ही पद्धत १९९२ साली आखणाऱ्या दोघांपैकी एक पुन्हा केन टॉम्प्सनच. दुसरे रॉब पाइक. यूटीएफ-१६ मध्ये नवओळच दोन बाइटांची होते. शिवाय ‘ऊ’चा संकेतांक षोडशमान पद्धतीत ०९०ए, म्हणजे त्याचा एक बाइट ‘०ए’, नेमका १०! सेडसारखे साधन ‘ऊस’ लिहिलेली ओळ त्या अक्षराच्या मधोमध तोडते. गुजराती आणि गुरुमुखीच्या तर प्रत्येक अक्षरात हा बाइट आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या जुन्या मराठी फाइलींची अडचण आणखी निराळी. यूटीएफ-८ लोकेलमध्ये (भाषेच्या मांडणीत) त्यांतले अवैध बाइट नियमित पदावलीतल्या ‘कोणतेही अक्षर’ दाखवणाऱ्या टिंबाशी जुळत नाहीत, त्यामुळे टिंबावर आधारलेली अदलाबदल फसते. राखीव जागेची पद्धत निभावते.

क्रमावर अर्थ अवलंबून असलेल्या फाइलींमध्ये ही क्रिया खरी लागते. दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या एसएसएचच्या मांडणी-फाइलमध्ये आधी भेटलेले मूल्य धरले जाते, म्हणून सर्वांना लागू होणारा भाग वर आला तर खालचे विशिष्ट नियम निष्प्रभ ठरू शकतात. गिटच्या दुर्लक्ष-यादीत उलट, शेवटचा जुळणारा नियम चालतो.

बदल बरोबर झाला का हे दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या डिफने पाहिले तर एक ओळ गेली आणि एक आली एवढेच दिसते; ओळ हलली ही कल्पना त्याच्याकडे नाही. त्यापेक्षा जुनी आणि नवी फाइल सॉर्ट करून ताडून पाहावी, त्या तंतोतंत सारख्या निघाल्या पाहिजेत. एडमध्ये तर तेवढीही गरज नसते: फाइल उघडताना आणि लिहिताना तो बाइटांची संख्या छापतो, आणि नुसत्या अदलाबदलीनंतर दोन्ही आकडे एकच यायला हवेत.