न्यू हॅम्पशरमध्ये मतदार नोंदणी : नुसतं लायसन्स नेलंत तर परत पाठवतील

न्यू हॅम्पशरला अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात (हाउस) जागा दोनच. मँचेस्टर, पोर्ट्समथ पहिल्या मतदारसंघात, नॅशुआ आणि काँकर्ड दुसऱ्यात. २०२६ ची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान) ८ सप्टेंबरला आणि मुख्य मतदान ३ नोव्हेंबरला, आणि राज्याच्या विधिमंडळाचे उमेदवारही त्याच वेळी निवडायचे असतात. नॅशुआच्या आसपास आपली बरीच मंडळी राहतात, त्यातली कित्येक आता सिटिझन झालीत, आणि तरी पहिल्यांदा नाव घालायला गेलेली माणसं हात हलवत परत येताना बघते म्हणून हे लिहितेय.

पात्रता साधी आहे. अमेरिकेचं नागरिकत्व, मतदानाच्या दिवशी १८ पूर्ण आणि राहणं त्या गावात, मग राहायला येऊन किती दिवस झाले याची अट नाही. ग्रीन कार्ड किंवा एच-वन (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांनी मात्र कृपा करून नाव घालू नका. टॅक्स भरता, घर घेतलंय, मुलं इथल्या शाळेत आहेत, सगळं खरं, पण फॉर्मवर ‘मी नागरिक आहे’ म्हणून सही केली की तो गुन्हा होतो, पुढची सिटिझनशिप तर अडकतेच पण डिपोर्ट होण्याची वेळ येऊ शकते. कुणी ‘भरा हो, काही होत नाही’ म्हणालं तरी भरू नका.

आता अडतं कुठे ते. पूर्वी सिटिझनशिपचा कागद जवळ नसला तर प्रतिज्ञापत्रावर सही करून नाव घालता यायचं. २०२४ ला कायदा बदलला, त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर लागू झाला, आणि ती सोय गेली. आता अमेरिकन पासपोर्ट, इथलं बर्थ सर्टिफिकेट, नाहीतर नॅचरलायझेशन सर्टिफिकेट (नागरिक झाल्यावर मिळतं ते) असं काहीतरी हातात लागतं. मार्च २०२५ च्या टाउन इलेक्शनपासूनच लोकांना परत पाठवायला सुरुवात झाली. लायसन्सने ओळख, वय, पत्ता सिद्ध होतो, नागरिकत्व होत नाही. ‘माझं रिअल आयडी (केंद्राच्या नियमांप्रमाणे दिलेलं लायसन्स) आहे’ असं खूप जण सांगतात, पण रिअल आयडी ग्रीन कार्डवाल्यांनाही मिळतं, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही.

एका मतदान केंद्रावर शाळेच्या जिममध्ये एक काका भेटले होते. हातात इलॅस्टिकवाली फाइल, त्यात लायसन्स, विजेचं बिल, घराचे कागद, ओसीआय कार्डसुद्धा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते), सगळं प्लास्टिकच्या कव्हरमध्ये नीट लावलेलं. नॅचरलायझेशन सर्टिफिकेट मात्र बँकेच्या लॉकरमध्ये, कारण हरवलं तर दुसरं मिळायला फार वेळ लागतो म्हणून जपून ठेवलेलं. तेव्हा सव्वापाच वाजले होते, बँक पाचला बंद झालेली. ते म्हणाले, अहो ओसीआयवर माझी नॅशनॅलिटी छापलीय ना. पण तो भारत सरकारने दिलेला कागद, टेबलावरच्या बाई काही ऐकेनात. वीस वर्षं टॅक्स भरणाऱ्या माणसाला असं परत पाठवताना कुणालाच काही वाटलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

नॅचरलायझेशन सर्टिफिकेट ओरिजिनलच न्या. त्याची कॉपी काढण्याबद्दल त्याच्यावरच ताकीद छापलेली असते, त्यामुळे झेरॉक्सच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा पासपोर्ट काढून घेतलेला बरा, फक्त एक लक्षात ठेवा, पहिल्या पासपोर्टच्या अर्जाबरोबर ओरिजिनल सर्टिफिकेट पाठवावं लागतं आणि ते पासपोर्टबरोबर नाही, वेगळ्या पाकिटात परत येतं. तेवढे आठवडे तुमच्या हातात काहीच नसतं, म्हणून हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरवर ढकलू नका.

मुलांचं अजून अवघड. मूल भारतात जन्मलेलं, ग्रीन कार्डवर आई-बाबांबरोबर इथे राहणारं आणि १८ च्या आत असताना आई किंवा बाबा सिटिझन झाले, तर मूल आपोआप सिटिझन होतं, पण त्याच्या नावाचा कागद कुणी घरी पाठवत नाही. मुलगा अठराचा होतो, कॉलेजच्या मित्रांबरोबर उत्साहाने नाव घालायला जातो, आणि दाखवायला जवळ भारतातला जन्मदाखला. त्याचा अमेरिकन पासपोर्ट काढा, किंवा एन-६०० हा फॉर्म भरून सिटिझनशिपचं सर्टिफिकेट मागवा, आणि हे तो सतरा वर्षांचा असतानाच करा.

मुलींचं आणि सुनांचं नाव हा वेगळाच गुंता. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनावही बदललेलं, म्हणजे इथे जन्मलेल्या मुलीच्या बर्थ सर्टिफिकेटवर बाबांचं नाव आणि लायसन्सवर नवऱ्याचं. टेबलावरच्या माणसाला ही पद्धत माहीत नसते, त्याला दोन वेगळ्या बायका दिसतात. मॅरेज सर्टिफिकेट बरोबर ठेवाच. ते मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या.

पत्त्यासाठी लीज, विजेचं बिल किंवा गाडीचं रजिस्ट्रेशन चालतं, त्यात विशेष काही नाही. पण नॅशुआतून शेजारच्या मेरिमॅकला घर घेतलं की गावही बदलतं आणि काँग्रेसचा मतदारसंघही, तिथे नव्याने नाव घालावं लागतं. मॅसॅच्युसेट्समधून आलेल्यांनी लक्ष द्या, तिकडे लायसन्सच्या ऑफिसात (आरएमव्ही) नोंदणी होऊन जायची, इकडे त्या ऑफिसात (डीएमव्ही) ही नाही आणि ऑनलाइनही नाही, टाउन किंवा सिटी क्लार्ककडेच (गावाच्या ऑफिसातला नोंदणी बघणारा अधिकारी) जायचं.

तारखेचा घोळ सगळ्यात जास्त. मतदानाआधी ६ ते १३ दिवसांच्या मध्ये मतदारयादी सांभाळणाऱ्यांची नाव घालायची शेवटची बैठक होते, ती चुकली की ‘आता गेलं’ म्हणून लोक घरी बसतात. गेलेलं नसतं, मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नाव घालून लगेच मत देता येतं, कागद मात्र तेच लागतात. प्रायमरीचंही तसंच. जूनच्या पहिल्या बुधवारपासून प्रायमरीपर्यंत पक्ष बदलता येत नाही हे ज्यांचं नाव आधीच एका पक्षात आहे त्यांच्यासाठी. तुम्ही अनडिक्लेअर्ड (कुठल्याच पक्षात नाव नसलेले) असाल तर त्याच दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागा, आणि परत अनडिक्लेअर्ड व्हायचं असेल तर निघायच्या आधी तिथेच कार्ड भरा, नाहीतर त्या पक्षातच राहाल.

जायच्या आधी क्लार्कला एक फोन करून कोणता कागद चालेल ते विचारा. आणि मतदान मंगळवारी असतं, तेव्हा सर्टिफिकेट लॉकरमध्ये असेल तर आदल्या आठवड्यातच बँक उघडी असताना काढून आणा, ८ सप्टेंबरच्या प्रायमरीआधीच्या सोमवारी तर लेबर डेची सुट्टी आहे.