पापाच्या दास्यातून मुक्ती : एका शिकवणुकीची पार्श्वभूमी

'मुक्ती' हा शब्द ऐकला की मराठी वाचकाच्या मनात प्रथम येते ती जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती शिकवणुकीतील पापमुक्ती मात्र गुलामांच्या जगातून आलेली आहे, आणि हे ध्यानात घेतल्याखेरीज तिचा इतिहास उलगडत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला प्राण पुष्कळांसाठी 'खंडणी' म्हणून देण्याविषयी बोलतो. तेथील मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजायच्या रकमेचा आहे. त्याच्याही मागे मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोक सुटल्याची आठवण आहे, जी यहुदी घरांत दर वर्षी वल्हांडण सणाला जागवली जाते.

या कल्पनेला घाट दिला तो पहिल्या शतकातील ख्रिस्ती प्रेषित पौलाने. इ.स. 57 च्या सुमारास करिंथहून रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो पापाकडे चुकांची यादी म्हणून पाहत नाही. पाप हा मालक आहे, माणूस त्याचा दास आहे आणि त्या चाकरीचे वेतन मरण आहे. त्याच्या श्रोत्यांना हे रूपक समजावून सांगावे लागले नसणार, कारण मंडळ्यांमध्ये गुलामही होते. करिंथच्या आखातापलीकडे डेल्फी येथे अपोलोच्या मंदिरापाशी गुलामांच्या सुटकेचे हजारावर लेख दगडात कोरलेले आढळतात. व्यवहार असा की, गुलामाची किंमत मालकाला मिळे, कागदोपत्री गुलाम देवाला विकला जाई आणि देव कोणतीही चाकरी न घेता त्याला मोकळा सोडी. 'स्वातंत्र्यासाठी' हा त्या लेखांतील शब्दप्रयोग गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातही येतो, याकडे जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष वेधले. पौलाने तो तेथूनच घेतला असे म्हणण्यापर्यंत मी जाणार नाही. मला त्यातील फरकच अधिक बोलका वाटतो : डेल्फीत रक्कम बहुधा गुलामालाच उभी करावी लागे, आणि अनेक लेखांत जुना मालक मरेपर्यंत त्याच्याजवळच राहण्याची अट असे, पौलाच्या सांगण्यात किंमत दुसऱ्याने भरली आहे आणि जुन्या मालकाचा हक्क पुरता संपला आहे. तरीही सुटलेला माणूस स्वैर होत नाही, तो 'नीतिमत्त्वाचा दास' होतो.

माणूस स्वतःच्या बळावर पाप टाळू शकतो का, यावरून पाचव्या शतकात पेलागियस हा तपस्वी आणि उत्तर आफ्रिकेतील हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन यांच्यात वाद पेटला. देवाच्या कृपेवाचून इच्छाच बांधलेली असते, ही ऑगस्टीनची भूमिका 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने उचलून धरली.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर ऑगस्टीनच्या याच परंपरेत वाढला. 1520 मध्ये त्याने लिहिले की, ख्रिस्ती माणूस सर्वांचा स्वतंत्र धनी असून कोणाच्याही अधीन नाही, आणि तोच सर्वांचा सेवक असून सर्वांच्या अधीन आहे. पाचच वर्षांत जर्मन शेतकऱ्यांनी मेमिंगेन येथे बारा मागण्या मांडल्या. ख्रिस्ताने आपले रक्त सांडून मेंढपाळापासून सरदारापर्यंत सर्वांना सोडवले आहे, म्हणून आम्हाला वेठीचे कूळ म्हणून राबवू नये, असे तिसऱ्या मागणीत म्हटले होते. ल्यूथरने ती फेटाळली; कैदी किंवा आजारी माणूस जसा ख्रिस्ती असू शकतो तसा दासही असू शकतो, हे त्याचे उत्तर. शेतकऱ्यांनी पवित्र शास्त्र वाचले होते आणि त्यांच्या पाठीवर ओझे होते, म्हणून हे उत्तर आजही मनाला टोचते. पुढे 1667 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीने कायदाच केला की, बाप्तिस्म्याने गुलामाची स्थिती बदलत नाही. आत्म्याचे स्वातंत्र्य शरीरापासून तोडले की ते मालकांच्या किती सोयीचे होते, हे त्या कायद्यात उघड दिसते.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी आत्म्याचे स्वातंत्र्य शरीरापासून असे तोडू दिले नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना त्यांनी पुण्याजवळ केडगावला आसरा दिला आणि त्या जागेला 'मुक्ती' हेच नाव दिले. तेथे 1905 मध्ये पापांच्या कबुलीची आणि प्रार्थनेची मोठी लाट उसळली. त्याच आवारात शेती होती, विणकाम होते, छापखानाही होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले, जे 1922 मध्ये त्यांच्या मृत्यूच्या थोडेच आधी पुरे झाले. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांत अशाच आसऱ्याला आलेल्या स्त्रियांचे हात होते.