खाऱ्या पाण्यातल्या रॉडसाठी ब्लँकची निवड

ब्लँक म्हणजे गरवण्याच्या रॉडची नुसती, पोकळ, बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळती होत गेलेली नळी. तिच्यावर गाइड (दोरी ओवायच्या कड्या), रील सीट (रील बसवायची जागा) आणि ग्रिप (मुठी) चढल्या की रॉड तयार होतो. गाइड खराब झाली तर दोरा सोडून दुसरी बांधता येते, ग्रिप कापून नवी घालता येते. ब्लँक चुकला तर मात्र रॉडच चुकला. म्हणून स्वतः रॉड बांधणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ ब्लँक निवडण्यात घालवावा.

कोल्हापूरकरांसाठी याला आणखी एक कारण आहे. समुद्र घाटापलीकडे आहे: गगनबावड्यावरून उतरून देवगड, विजयदुर्ग, मालवण, आंबा घाटातून रत्नागिरी, आजरा-आंबोली करत वेंगुर्ले. तीन-चार तासांचा प्रवास करून कातळावर उभे राहिल्यावर रॉड कामाचा नाही असे कळले, तर तो दिवस गेलाच. शिवाय इथल्या बहुतेकांचा हात रंकाळा, कळंबा, पंचगंगा किंवा राधानगरीच्या पाण्यावर बसलेला असतो. रोहू-कटल्याला मऊ, बुंध्यापर्यंत वाकणारा रॉड चालतो, कारण त्यांचे ओठ मऊ असतात आणि ओढायला मोकळे पाणी असते. तोच रॉड घेऊन खाडीत चोणकाला (रायगडकडचा जिताडा) गेले, की त्याच्या हाडाळ तोंडात गरी रुतत नाही आणि मासा सरळ कांदळवनाच्या मुळांत शिरतो.

पाणी आधी, ब्लँक नंतर

कुठे उभे राहणार, एकूण किती वजन फेकणार आणि लागलेला मासा कशातून ओढून आणणार, एवढे ठरले की निवड निम्मी झाली. कंपनी आणि किंमत त्यानंतर बघावी.

भाट्ये किंवा तारकर्लीसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर आमिष लाटा फुटतात त्या पट्ट्यापलीकडे पडावे लागते आणि दोरी लाटांच्या वर राहावी लागते. त्यासाठी १० ते १३ फुटी सर्फ ब्लँक (किनाऱ्यावरून लांब फेकायचा) घेतात. शिसे साधारण १०० ते १५० ग्रॅमचे असते, आणि इथेच हमखास हिशेब चुकतो. ब्लँकवर ‘१५० ग्रॅमपर्यंत’ लिहिलेले असते, म्हणून १५० ग्रॅमचे शिसे बांधले जाते. वर बांगड्याचा ५० ग्रॅमचा तुकडा लागतो तो कुणी मोजत नाही. प्रत्यक्षात फेक २०० ग्रॅमची होते. असा ब्लँक पहिल्या फेकीत मोडतोच असे नाही. बऱ्याचदा तो काही फेऱ्या टिकतो आणि मग जोराच्या एका फेकीत जोडाच्या जरा वर तुटतो. शिसे अधिक आमिष ही बेरीज ब्लँकच्या वरच्या मर्यादेच्या आत राहायला हवी. वजनाची मर्यादा २० ते ८० ग्रॅम असेल, तर ब्लँक सहसा ४५ ते ६० ग्रॅमला सगळ्यात छान फेकतो.

वाघोटन, कर्ली, काजळी यांच्या खाड्यांत काम ल्यूरचे, म्हणजे कृत्रिम आमिषाचे असते. वजन २० ते ६० ग्रॅम, लांबी ७ ते ८ फूट, होडीत बसून गरवायचे असेल तर साडेसहा फूटही पुरते. इथे बुंध्यात ताकद हवी, म्हणजे तांबोसा दगडात शिरण्याआधी वळवता येतो. पण शेंडा फार ताठ नको. चोणक पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकतो; त्या क्षणी शेंडा पुढे झुकून दोरी ताणलेली ठेवत नसेल, तर गरी सुटते.

जांभ्याच्या कड्यावरून गरवणे वेगळेच. पायाखाली कालवांची धार असते आणि दोरी तिला लागली की संपली. ८.५ ते १० फुटी ब्लँक दोरी कडेपासून लांब धरतो. रॉड कातळावर आपटणार, घासणार, हे गृहीतच धरावे आणि जाड भिंतीचा ब्लँक घ्यावा, थोडा जड झाला तरी.

होडीतून उभे जिगिंग (धातूचे आमिष सरळ खाली सोडून झटके देत वर आणणे) करायचे तर ५.५ ते ६.५ फूट बस. खोल पाण्यातून सुरमई किंवा गोबरा वर काढताना लांब रॉड माशाच्या बाजूने काम करतो: ४ किलोचा ओढ आणि रॉडची २ मीटर लांबी म्हणजे मनगट-कमरेवर ८ किलोग्रॅम-मीटरचा पीळ. रॉड आखूड केला की तोच ओढ कमी त्रासात पेलतो.

पहिलाच ब्लँक घेणाऱ्याने ९ फुटी, दोन तुकड्यांचा, २० ते ८० ग्रॅम फेकणारा घ्यावा. तो वाळूवरून हलके शिसे फेकतो, कातळावर पुरतो आणि खाडीच्या काठावरून ल्यूरही चालवतो.

लेबलवरचे आकडे

समजा लेबलवर लिहिले आहे: ९ फूट, २ तुकडे, मीडियम हेवी, फास्ट, १५–३० पौंड, २१–८५ ग्रॅम, टिप ६. यातली ‘मीडियम हेवी’ ही पॉवर, म्हणजे वाकवायला किती जोर लागतो ते. ‘फास्ट’ ही अॅक्शन, म्हणजे कुठे वाकतो ते: फास्ट ब्लँक वरच्या साधारण पाव ते एक तृतीयांश भागात, मॉडरेट निम्म्यापासून, स्लो पार ग्रिपपर्यंत. दोन्ही शब्दांना कंपन्यांमध्ये सामायिक माप नाही. एका कंपनीचा मीडियम हेवी दुसऱ्या कंपनीच्या हेवीला भारी पडू शकतो.

पौंडाचा आकडा दोरीची ताकद सांगतो, माशाचे वजन नव्हे. ३० पौंड म्हणजे १३.६ किलो, रीलचा ड्रॅग (ओढ वाढली की दोरी सुटू देणारा ब्रेक) त्याच्या पाव ते एक तृतीयांशावर, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलोवर लावतात. जपानी लेबलवर पौंडाऐवजी पीईचा आकडा असतो. तो ब्रेडची, म्हणजे विणलेल्या दोरीची जाडी सांगतो. त्याच जाडीच्या दोन ब्रँडच्या दोऱ्या वेगवेगळ्या भाराला तुटतात. टिपचा आकडा बहुधा इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतो: ६ म्हणजे २.३८ मिलिमीटर, ७ म्हणजे २.७८, ८ म्हणजे ३.१८. टिप-टॉप (शेंड्यावर बसणारी शेवटची गाइड) मागवण्याआधी शेंडा व्हर्निअरने मोजून घ्यावा. रंग चढलेला ब्लँक लेबलपेक्षा जाड भरतो, आणि कोंबून बसवलेली टिप-टॉप शेंड्याला चीर पाडते.

कार्बन, काच आणि मॉड्युलसचा मोह

ब्लँक बनतो तो रेझिन मुरवलेल्या तंतूंच्या कापडापासून. हे कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून टेपने आवळतात, भट्टीत पिकवतात आणि सळई ओढून काढतात. न घासलेल्या ब्लँकवर टेपच्या बारीक कड्या दिसतात. तो दोष नाही. उलट वरचे तंतू घासले गेलेले नाहीत याची ती खूण.

जाहिरातीत २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे ठळक छापतात. हा तंतूचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, मजबुती नव्हे. २४ टनाचा तंतू साधारण २३५ गिगापास्कलचा. आकडा वाढला की त्याच ताठपणासाठी कमी कापड लागते, ब्लँक हलका होतो, भिंत पातळ होते. आणि तंतू तुटण्याआधी ताणला जातो तो कमी. साधी ई-काच (नेहमीचा काचतंतू) जेमतेम ७२ गिगापास्कलची, पण ती साडेचार टक्क्यांच्या आसपास ताणून मग तुटते. साधा कार्बन दीड-दोन टक्क्यांतच. म्हणून खाऱ्या पाण्यात, जिथे रॉड होडीच्या काठावर आपटतो आणि पाकटासारखा मासा तळाला चिकटून बसतो, तिथे काच-कार्बनचा मिश्र ब्लँक किंवा २४ ते ३० टनाचा कार्बन हीच शहाणी निवड. ४० टनी ब्लँक दुकानात हातात घेतल्यावर मन जिंकतो. जांभ्यावर एकदा पडला की त्याच्यावरचा भरवसा जातो.

भिंत आणि व्यासाचे गणितही इथेच समजून घ्यावे. पातळ नळीची भिंत तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर ताठपणा आठपट होतो. त्यामुळे कारखान्याला हलका आणि ताठ ब्लँक करायचा असला की तो नळी जाड आणि भिंत पातळ करतो. अशी नळी वाकण्याला चांगली, पण बाजूने दाब आला की चेपते. रॉड गाडीच्या दारात सापडून मोडतात ते असेच.

हातात घेऊन तपासणी

पहिल्यांदा ब्लँक डोळ्यासमोर धरून सावकाश फिरवावा. शेंडा थोडा इकडेतिकडे फिरतो, ते चालते. मधेच कोन दिसला तर तो ब्लँक परत करावा. मग कापसाचा बोळा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ओढावा. उचकटलेला तंतू कापूस धरून ठेवतो. शेवटी नखाने टकटक करत जावे. चांगली नळी टणक वाजते, आतून थर सुटलेल्या जागी आवाज बोदा येतो. वाहतुकीत दबलेला ब्लँक बाहेरून नवा दिसतो, तेव्हा ही तपासणी टाळू नये.

ताकद मोजायला विल्यम हॅनेमन यांची ‘कॉमन सेंट्स’ पद्धत सोपी आहे. त्यांनी अडीच ग्रॅमची अमेरिकी नाणी वापरली. समुद्राच्या ब्लँकला पाणी बरे, कारण १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम. ब्लँक जिथे हातात धरला जाईल तो भाग टेबलाला कापड गुंडाळून आडवा आवळावा. बाहेरची लांबी २१० सेंटिमीटर असेल तर शेंडा ७० सेंटिमीटर, म्हणजे एक तृतीयांश, खाली येईपर्यंत शेंड्याला टांगलेल्या पिशवीत पाणी ओतत जावे. पिशवीसकट जे वजन भरेल ती त्या ब्लँकची पॉवर. त्याच भाराखाली शेंड्याला हलकी काडी चिकटवून ती आडव्या रेषेशी किती कोन करते तेही बघावे: ६६ अंशांच्या वर फास्ट, ५९ च्या खाली स्लो. दोघा-तिघांनी आपापले ब्लँक असे मोजून आकडे वहीत लिहिले, की लेबलांवर विसंबायची गरज उरत नाही. तुलना करताना बाहेरची लांबी मात्र सगळ्यांची सारखी ठेवावी.

स्पाइन, म्हणजे नळीची जास्त ताठ बाजू, हा वादाचा विषय. बुंधा गुळगुळीत फरशीवर टेकवून, शेंडा हातावर धरून, मधोमध दाबून फिरवला की ब्लँक एका जागी झटकन वळून स्थिरावतो. त्यावरून ताठ बाजू कळते. गाइड स्पाइनवर बांधल्या नाहीत तर रॉड हातात फिरतो, असे पूर्वी सांगत. खरे तर मासा ओढत असताना रॉड फिरतो तो गाइड वरच्या बाजूला असल्यामुळे. स्पिनिंग रॉडच्या गाइड खाली लटकतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. त्यामुळे ब्लँक सगळ्यात सरळ दिसतो ती रेघ धरून गाइड बांधणे उत्तम.

तुकडे, जोड आणि कापाकापी

एकसंध ब्लँक वाकतो सुरेख, पण ९ फुटी नळी कुरिअरने धडपणे येणे आणि एसटीत नेणे दोन्ही अवघड. दोन तुकड्यांचा ९ फुटी ब्लँक साधारण १४० सेंटिमीटरच्या नळीत मावतो. जोड दोन प्रकारचे: वरचा तुकडा खालच्यावर चढणारा, किंवा आतून भरीव दांडी घातलेला स्पिगॉट. स्पिगॉटमध्ये दोन तुकड्यांच्या कडांत काही मिलिमीटर फट राहायलाच हवी. वापराने जोड झिजतो तसा तो आत सरकतो. फट उरली नाही की जोड ढिला होऊन फेकताना फुटतो. मेणबत्तीचे मेण हलके चोळले की जोड घट्ट बसतो आणि सुटतोही. वाळू अडकलेला जोड कधीही तसाच लावू नये.

रील सीटच्या जागी ब्लँकचा बाहेरचा आणि सीटचा आतला व्यास मोजावा. फरक भरून काढायला मास्किंग टेप गुंडाळायची सवय आहे. खारे पाणी आत शिरले की ती कुजते आणि सीट हलू लागते. फोमचे किंवा काचतंतूचे आर्बर (मधली फट भरणारे कडे) घालून पूर्ण जागा इपॉक्सीने भरावी. अॅल्युमिनियमच्या सीटला तर हे अत्यावश्यक, कारण कार्बन आणि अॅल्युमिनियम मिठाच्या पाण्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम गंजून भुरभुरते. कार्बन विजेचा वाहक असल्याने विजेच्या तारांखाली किंवा वळवाच्या ढगाखाली असा रॉड उभा धरू नये.

शिवाजी उद्यमनगरात आर्बर, बट कॅप, कडी लेथवर मनासारख्या मापात करून मिळतात. ब्लँक मात्र चकमध्ये (लेथच्या पकडीत) द्यायचा नाही. जबड्यांच्या दाबाने नळी चिरते आणि चीर रंगाखाली लपते. पाइप कटरही नको. कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळून बारीक दात्यांच्या हॅकसॉने, नळी फिरवत, हलक्या हाताने कापावे आणि नाकावर मास्क लावावा, कार्बनची धूळ छातीत जाते.

चुकून मऊ ब्लँक आला तर शेंड्याकडून दोन-तीन इंच कापून तो सुधारता येतो. पॉवर वाढते, अॅक्शन जरा मंदावते, टिप-टॉप एक-दोन माप मोठी लागते. बुंध्याकडून कापले तर लांबी जाते, ताकदीत फार फरक पडत नाही. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त कापू नये. गाइड चिकटपट्टीने तात्पुरत्या लावून, गरी काढून नुसते वजन बांधून, मोकळ्या मैदानावर फेकून बघावे आणि मगच पुढचा काप घ्यावा. बांधकाम पावसाळ्यात, यांत्रिक होड्यांची १ जून ते ३१ जुलैची बंदी चालू असताना काढले, तर नारळी पौर्णिमेनंतर रॉड पाण्यावर नेता येतो. फक्त त्या दिवसांत इपॉक्सी ओल धरून पांढरट पडते, तेव्हा दोऱ्यावरचा लेप बंद खोलीत, दिवा लावून ऊब ठेवून द्यावा.