वसंतातला स्वयंपाक (सातारा–सांगली)

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत माघाच्या अखेरीपासून वैशाखापर्यंत मिळणारा भाजीपाला, ओला हरभरा, कैरी आणि कोवळा पाला यांवर बेतलेली रोजच्या जेवणाची रीत. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. स्वयंपाकघरातला वसंत मात्र शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढणीला आला की फाल्गुनातच सुरू होतो. हा काळ हिरवाईच्या भराचा नव्हे. थंडीतल्या पालेभाज्या निबर होत जातात, मेथी कडवट लागते, कोथिंबीर फुलोऱ्यावर येते आणि उन्हाळी गवार-भेंडी अजून पुरती उतरलेली नसते. या मधल्या आठवड्यांत ताट भरते ते शेंग, फूल, कोवळे फळ आणि आंबट यांच्या जोरावर. म्हणूनच सुगरणीची खरी पारख या दिवसांत होते.

एकाच दिवशी दोन तालुक्यांत दोन वेगळी जेवणे शिजतात, कारण पाणी वेगळे आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माण तालुक्यात जेमतेम ५००. जावळी, पाटण आणि शिराळ्याच्या पश्चिम भागात या दिवसांत फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, आणि हिरवी करवंदे हाताशी असतात, भाकरी नाचणीची आणि सोबत भात. कृष्णाकाठी, म्हणजे वाई, कऱ्हाड, वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात, मळीच्या जमिनीतली वांगी आणि विहीर-नदीच्या पाण्यावरचा हिरवा भाजीपाला. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी भागात ओली भाजी फाल्गुनातच विरळ होत असे. टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजनांचे पाणी पोचले त्या आटपाडी, कवठेमहांकाळ, जत भागांतल्या गावांत आता पाण्याचे आवर्तन, म्हणजे पाळी, मिळाले की उन्हाळी भाजीही होते. ज्या गावांना पाणी नाही तिथे जुनीच रीत चालते.

या ऋतूच्या स्वयंपाकाचा कणा हरभरा. एकच पीक चार महिन्यांत चार रूपांनी घरात येते. आधी कोवळे शेंडे खुडून भाजी, मग घाटे, म्हणजे शेंगा, भरले की डहाळे (घाट्यांसकट उपटलेली झाडे) आणि सोलाणे (सोललेले ओले दाणे), शेतातच जाळावर भाजलेला हावळा, आणि शेवटी मळणी होऊन आलेली नवी डाळ. होळीच्या पुरणाला आणि पाडव्याच्या सणाला ही डाळ नेमकी वेळेवर हाती येते. नव्या डाळीचे पुरण लवकर शिजते आणि पिवळेधमक होते.

हरभऱ्याच्या पाल्यावर बारीक लव असते आणि तिच्यावर आंबट दव जमते. या दवाला आंब म्हणतात. तिच्यात मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात, आणि भाजीची सगळी चव तिच्यावर. म्हणून जुन्या बायका ही भाजी धूत नाहीत. सुपात झटकून, निवडून, तशीच विळीवर बारीक चिरतात. कढईत तेल तापले की ठेचलेला लसूण लालसर होऊ द्यायचा, हिरवी मिरची टाकायची, मग पाला. तो बसला की वरून शेंगदाण्याचा कूट आणि ज्वारीच्या पिठाचा हात. मीठ बेतानेच, कारण पाला आळून मूठभर होतो. कच्चा कोवळा पाला तेल-तिखट-कुटात कालवला की त्याचा घोळाणा होतो, आणि गरम भाकरीबरोबर त्याच्या तोडीचे तोंडीलावणे नाही. आता बाजारातला पाला फवारणीचा असण्याची शक्यता असते, तेव्हा विकतचा पाला धुवावाच. न धुण्याची रीत स्वतःच्या शेतातल्या पाल्यापुरती ठेवावी.

सोलाण्यांची आमटी मात्र उशिरा करण्यात अर्थ नाही. घाटा पिवळा पडू लागला की दाणा पिठूळ होतो आणि गोडवा जातो. सोलाणे थोड्या तेलावर परतून, निम्मे भरड वाटून, आले-लसूण-खोबऱ्याच्या वाटणात उकळतात. वाटलेल्या निम्म्यांमुळेच आमटीला दाटपणा येतो, वेगळे पीठ लावावे लागत नाही.

शेवगा बांधाबांधावर असतो. फुले आधी येतात. ती किंचित कडवट, म्हणून उकळत्या पाण्यातून काढून पिळून मूगडाळीबरोबर परततात. शेंगा लागल्या की चिंच-गुळाची आमटी, पिठल्यातल्या शेंगा, कूट घातलेला रस्सा. शेंग दोन्ही हातांनी वाकवली तर लवावी. करकरीत मोडली आणि आत गर कोरडा दिसला तर ती जून.

कृष्णाकाठचे काटेरी वांगे या दिवसांतही मिळते, पण ऊन चढेल तशा बिया धरतात. माघातले वांगे भरून करावे, चैत्रातले भाजून भरीत करावे किंवा फोडी करून रस्सा करावा. चाकवत हा थंडीचा पाला फाल्गुनापर्यंत टिकतो. तो शिजवून घोटतात, ताक आणि बेसन लावतात, वर लसणाची फोडणी. अंबाडी, चुका, तांदुळजा, राजगिरा, शेपू, कांद्याची पात यांच्या उरलेल्या अर्ध्या-मुर्ध्या जुड्या एकत्र शिजवून डाळ-शेंगदाण्यांसह घोटल्या की गरगट होते. हंगामाच्या अखेरीस एकेक पाला पुरेसा मिळत नाही, तेव्हा गरगटासारखी सोयीची भाजी दुसरी नाही. आंबट एकच पाला घ्यावा, चुका तरी नाहीतर अंबाडी तरी. दोन्ही घातले तर बाकीचे पाले लोपतात.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची काढणी याच सुमारास चालते, म्हणून ओल्या हळदीचे लिंबू-मिरची-आले घातलेले लोणचे घरोघरी दिसते.

जेवणाचा बेत आखला जातो तो तारखेवर नाही, आठवडे बाजारावर. बाजारच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी, कारण फ्रिज असला तरी उन्हाळ्यात जुडी लगेच मान टाकते. मग दोन-तीन दिवस वांगी, शेवगा, गवार, दोडका. पुढच्या बाजाराआधी झुणका, पिठले, मटकीची उसळ, डाळकांदा. यात बाजरी संक्रांतीनंतर हळूहळू मागे पडते, ती उष्ण मानतात. तिच्या जागी नव्या शाळूची भाकरी येते. दुपारी ताक किंवा ज्वारीची आंबील. तिखटाचा भार या दिवसांत खरडा, म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि कांदा-कैरीच्या चटणीवर असतो.

सणांचे पदार्थही याच मालातून येतात. पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पाने व फुले, गूळ, ओवा, हिंग, मीठ आणि भिजवलेली हरभरा डाळ एकत्र वाटून चमचाभर खातात. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौर बसते. वाई, सातारा, मिरज, सांगलीच्या जुन्या पेठांतल्या हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हे ठरलेले. आंबेडाळीसाठी डाळ चार-पाच तास भिजवावी आणि पाणी न घालता भरडच वाटावी. कैरी कोय न धरलेली घ्यावी आणि किसून शेवटी मिसळावी, म्हणजे डाळीला पाणी सुटत नाही. वरून हिंग-मोहरीची फोडणी गार करूनच घालतात. रंगपंचमीची वाईजवळच्या बावधनची बगाड यात्रा, चैत्रातली शिखर शिंगणापूरची यात्रा आणि पाठोपाठ येणाऱ्या गावजत्रा यांचा स्वयंपाक वेगळाच, पण तिथेही पहिल्या दिवशी पुरणपोळी आणि कटाची आमटी असते. पुरणासाठी डाळ शिजवली की वरचे पाणी टाकायचे नाही. त्या कटातच आमटी होते. कृष्णाकाठी याच सुमारास येणारा खपली गहू खिरीला, म्हणजे हुग्गीला, वापरतात. मिरज-जत बाजूला कानडी शेजारामुळे ती जास्त होते.

वैशाखात ओला पाला संपतो तेव्हा वाळवलेला निघतो. हरभऱ्याची भाजी पौष-माघातच सावलीत वाळवून चुरून गाडग्यात किंवा डब्यात भरून ठेवलेली असते. शिजवताना ती कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवतात, तूरडाळीबरोबर शिजवून घोटतात आणि सुक्या मिरचीची लसूण घातलेली फोडणी देतात. सावलीत वाळलेल्या पाल्याची आंब बरीचशी टिकते, म्हणून या आमटीला चिंच लागत नाही. माण-खटावात आणि जतकडे कांदा-भाकरीसोबत हीच आमटी वळीव पडेपर्यंत चालते.