पडलेल्या प्रोग्रॅमचा पंचनामा

मेनफ्रेमवर, म्हणजे बँका-विमा कंपन्या वापरतात त्या मोठ्या संगणकावर, एखादा प्रोग्रॅम अ‍ॅबेंड झाला, म्हणजे मध्येच कोसळला, की ऑपरेटिंग सिस्टिम त्याची मेमरी लगेच काढून घेते आणि ती दुसऱ्या कामाला लावते. कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय होतं, कोणत्या खातेदाराची नोंद हातात होती, कोणत्या सबरूटीनने कोणाला बोलावलं होतं, हे सगळं त्याबरोबर जातं. घरचा संगणक अडला तर आपण तो बंद करून चालू करतो आणि विसरून जातो. बँकेच्या रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ आपोआप चालणाऱ्या कामांत, तसं करून चालत नाही. त्यातलं एखादं काम, म्हणजे जॉब, पुन्हा चालवला तर तो पुन्हा पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पडत नाही आणि दोष महिनाअखेरपर्यंत दडून बसतो. म्हणून काहीही हलवण्याआधी जागेवर पंचनामा करतात, तशी मरणाच्या क्षणीची मेमरी जशीच्या तशी उतरवून ठेवायची. या नकलेला डंप म्हणतात.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही मालिका जाहीर केली. आज बँका आणि विमा कंपन्यांकडे झेड/ओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारी जी यंत्रं आहेत, ती त्याच घराण्यातली. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत रात्रपाळीला बसून परदेशी बँकांच्या बॅचवर लक्ष ठेवणारे मराठी प्रोग्रॅमर बरेच आहेत. मॉनिटरवर 'एस-झिरो-सी-सेव्हन' दिसलं की पुढचे दोन तास कसे जाणार, हे त्यांना सांगावं लागत नाही.

हा कोड जरा जवळून पाहण्यासारखा आहे. कोबॉल या प्रोग्रॅमिंग भाषेत पैशाच्या रकमा बहुधा पॅक्ड डेसिमल पद्धतीने साठवतात. एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटच्या बाइटचा उजवा अर्धा भाग चिन्हासाठी राखलेला असतो. सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात नवाच्या पुढे ए ते एफ ही अक्षरं अंक म्हणून येतात. त्यातलं सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. तेव्हा अधिक १२३४५ ही रक्कम तीन बाइटांत '१२ ३४ ५सी' अशी दिसते. आता समजा, प्रोग्रॅमरने अख्खी नोंद कोरी करण्यासाठी तिच्यात सरसकट स्पेस भरल्या. मेनफ्रेमच्या अक्षरसंचात स्पेसचा आकडा ४० आहे. रकमेच्या जागी मग '४० ४० ४०' येतं. अंक म्हणून त्यात वावगं काही नाही, चार-शून्य-चार-शून्य-चार. पण चिन्हाच्या जागी शून्य आहे, आणि शून्य हे चिन्ह होऊ शकत नाही. या रकमेत बेरीज करायला गेलं की हार्डवेअर काम थांबवतं आणि सात क्रमांकाचा व्यत्यय उभा करतं. एस-झिरो-सी-सेव्हनमधला सात तो हाच.

त्याच क्षणी पीएसडब्ल्यू जपून ठेवला जातो. प्रोग्रॅम स्टेटस वर्ड असं त्याचं पूर्ण नाव. पुढची सूचना, म्हणजे यंत्राला दिलेली आज्ञा, मेमरीत कुठे आहे, तो पत्ता त्यात असतो. पुढची, हे महत्त्वाचं. डंपमध्ये हा पत्ता २१४५६ दिसला आणि प्रोग्रॅम २०००० पासून सुरू होत असेल, तर वजाबाकी १४५६. पॅक्ड रकमांची बेरीज करणारी सूचना सहा बाइट लांब असते, म्हणून आणखी सहा वजा करायचे. १४५० वर गुन्हेगार सूचना सापडते. कंपाइल करताना, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर करताना, निघालेल्या लिस्टिंगमध्ये १४५० समोर कोबॉलची कोणती ओळ आहे ते पाहायचं, त्या ओळीतली दोन व्हेरिएबल्स डंपमध्ये शोधायची, आणि त्यांतल्या एकात चाळीस-चाळीस-चाळीस दिसतं. डंपच्या प्रत्येक ओळीत डावीकडे पत्ता, मध्ये आकडे आणि उजवीकडे त्याच बाइटांचं अक्षरांत रूपांतर असतं. त्यामुळे उजव्या कडेला नजर फिरवली तर खातेदाराचं नाव किंवा शाखेचा कोड चटकन ओळखू येतो. कोणती नोंद हातात होती, हे असं कळतं. लागोपाठ ओळी सारख्याच असतील तर डंप 'वरच्यासारखंच' अशी एक टीप देऊन पुढे जातो. पूर्वी हे सगळं कागदावर छापून निघायचं, तेव्हा या टिपेने किती कागद वाचवला असेल!

आज अ‍ॅबेंड-एड किंवा फॉल्ट अ‍ॅनालायझरसारखी साधनं ही वजाबाकी स्वतःच करून ओळ क्रमांक हातात देतात. नव्या पिढीला सोळाच्या पायावरचे आकडे वाचायची वेळ फारशी येत नाही, आणि बहुतेक वेळा त्याने अडतही नाही.

अडतं ते डंप काढायलाच सांगितलेलं नसेल तेव्हा. जॉबच्या जेसीएलमध्ये, म्हणजे तो कसा चालवायचा हे सांगणाऱ्या ओळींत, डंपसाठी एक ओळ लिहावी लागते. सिसयूडंप म्हटलं तर प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेमरीचा वाचता येईल असा डंप मिळतो. सिसअ‍ॅबेंडमध्ये त्याच्या जोडीला सिस्टिमचेही भाग येतात. सिसएमडंप मांडणी न केलेला, कच्च्या स्वरूपातला असतो. तो माणसाने थेट वाचायचा नसतो, आयपीसीएस नावाच्या साधनात उघडून त्याला प्रश्न विचारायचे असतात. यांपैकी काहीच लिहिलेलं नसेल, तर अ‍ॅबेंडचा कोड आणि लॉगमधल्या चार ओळी एवढ्यावर भागवावं लागतं. कोबॉल, पीएल/वन वगैरे भाषांतल्या प्रोग्रॅमना सांभाळणारं लँग्वेज एन्व्हायर्नमेंट स्वतःचा सीईईडंप काढू शकतं, आणि कोण कोणाला बोलावत आलं याची साखळी त्यात छान दिसते. पण त्यालाही किती लिहायचं हे आधी सांगून ठेवावं लागतं. प्रोग्रॅम लिहिताना 'हा पडणार आहे' असं गृहीत धरणं कोणालाच आवडत नसल्यामुळे ही ओळ राहून जाते. जुन्या जेसीएलची नक्कल करून नवं बनवताना ती आपोआप सोबत येते, हाच काय तो दिलासा.

वर सांगितलेला गुन्हेगार सरळ होता. आता वाकडा पाहू. मेनफ्रेममध्ये मेमरीच्या दर ४ केबी तुकड्याला चार बिटांची एक किल्ली असते. प्रोग्रॅमची किल्ली जुळली नाही तर त्याला तिथे लिहिता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जागेत ढवळाढवळ करायला गेलात, तर एस-झिरो-सी-फोर मिळतो आणि तिथेच पकडले जाता. पण स्वतःच्याच जागेत लिहिण्याची प्रोग्रॅमला पूर्ण मुभा असते. शंभर घरांच्या टेबलमध्ये एकशेएकाव्या घरात काही लिहिलं, तर ते शेजारच्या व्हेरिएबलवर जाऊन पडतं आणि हार्डवेअर चकार शब्द काढत नाही. कोबॉल कंपायलरला ही मर्यादा तपासायला सांगता येतं, मात्र तपासणीने वेग कमी होतो म्हणून प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामकाजात, ती अनेकदा बंद ठेवलेली असते. मग तासाभराने भलतीच ओळ त्या बिघडलेल्या रकमेला हात लावते आणि एस-झिरो-सी-सेव्हन घेऊन मरते. डंप अगदी नेमका निघतो, पण तो बळी पडलेल्याचा. लिहिणारा केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. ओळ क्रमांक सांगणारं साधनही इथे त्या निरपराध ओळीकडेच बोट दाखवतं.

अशा वेळी स्लिप सापळा लावतात. माझ्या मते मेनफ्रेमच्या दोषशोधनातली ही सर्वांत देखणी सोय आहे. ऑपरेटर कन्सोलवरून एक आज्ञा देतो की अमुक पत्त्यावर कोणीही लिहिलं तर त्याच क्षणी डंप काढ. हे काम हार्डवेअरमधल्या पीईआर या सोयीच्या मदतीने होतं, प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही. साधे सापळेही असतात, उदाहरणार्थ अमुक कोडचा अ‍ॅबेंड आला की सिस्टिमचा डंप घे. नको असलेले डंप दाबण्यासाठीही हीच आज्ञा वापरतात.

सिस्टिमच्या या डंपाला एसव्हीसी डंप म्हणतात, आणि त्याची अडचण वेगळीच आहे. मेमरी उतरवून घेत असताना ती बदलत राहिली, तर मिळणारं चित्र कुठल्याच एका क्षणाचं नसतं. म्हणून सिस्टिम संबंधित कामं थोडा वेळ रोखून धरते, मजकूर आधी मेमरीतच बाजूला उतरवते, कामं पुन्हा सोडते आणि मग सावकाश डिस्कवर लिहिते. बाजूला उतरवायच्या या जागेला कमाल मर्यादा असते. ती मुळात ५०० एमबी असते आणि मोठ्या डेटाबेसच्या डंपाला ती सहज अपुरी पडते. मग डंप अर्धवट निघतो. तसा संदेश कन्सोलवर येतो खरा, पण त्या धांदलीत तो वाचतो कोण? हाती आलेल्या अर्ध्या भागात दोष असणं हा नशिबाचा भाग.

काही जॉब मरतच नाहीत, एकाच जागी गरगर फिरत राहतात. त्यांना ऑपरेटर मारतो. साध्या कॅन्सल आज्ञेने मारलं तर कोड येतो २२२, आणि डंप मिळत नाही. त्याच आज्ञेपुढे स्वल्पविराम देऊन डंप हा शब्द जोडला, तर कोड येतो १२२ आणि डंप हाती लागतो. सकाळी प्रोग्रॅमरचा दिवस कसा जाणार हे त्या एका शब्दावर ठरतं.

सगळी सिस्टिमच गोठली, तर डंप घेणारी यंत्रणाही तिच्याबरोबर गोठलेली असते. त्यासाठी स्टँड-अलोन डंप हा स्वतंत्र प्रोग्रॅम आधीच तयार करून ठेवावा लागतो आणि तोच यंत्रावर बूट करायचा असतो. मेमरी उतरून होईपर्यंत बँक बंद. वरिष्ठ पाठीमागे उभे राहून 'आधी सिस्टिम चालू करा' म्हणत असतात. त्यांचं ऐकलं तर कारण कायमचं हातातून जातं आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग पुन्हा येऊ शकतो. स्टँड-अलोन डंपाची रंगीत तालीम करणाऱ्या ठिकाणी ऑपरेटर त्या क्षणी ठाम राहतो. तालीम झालीच नसेल, तर तो बहुधा वरिष्ठांचं ऐकतो.

उलट बाजूचा त्रासही आहे. एकच दोष रात्रीतून पन्नास वेळा उद्भवला तर पन्नास डंप डिस्क खाऊन टाकतात. त्यावर डीएई ही व्यवस्था आहे. कोड, मॉड्यूलचं नाव वगैरे लक्षणांची ती एक ओळ बनवते, जुन्या ओळींशी ताडून पाहते आणि तीच लक्षणं आधी नोंदलेली असतील तर डंप दाबून टाकते.

आणि डंपामध्ये सगळंच असतं, म्हणजे खरोखर सगळं. खाते क्रमांक, शिल्लक, कार्डाचे तपशील, त्या क्षणी मेमरीत जे जे होतं ते. सिस्टिममधला दोष शोधायला हाच डंप आयबीएमकडे किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे पाठवायचा असतो. वर्षानुवर्षं तो तसाच जायचा. २०१९ साली आलेल्या झेड१५ यंत्राबरोबर त्यावर एक सोय आली. मेमरीची जी पानं संवेदनशील म्हणून आधी चिन्हांकित केलेली असतात, ती वगळून डंपाची दुसरी प्रत तयार करता येते. बाहेर जाते ती ही प्रत, मूळ डंप बँकेकडेच राहतो. वगळलेल्या पानांतच दोष असला, तर मात्र तो बँकेच्याच माणसांना मूळ डंपात शोधावा लागतो.